नोंद बंदुकीची की मालकाची?

बंदूक बाळगणाऱ्याकडे परवाना असावा, याबाबत बहुतेक लोकशाही देशांत फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. कोणत्या क्रमांकाची बंदूक कोणाच्या घरी आहे, याचीही सरकारदरबारी नोंद हवी का? भारतात परवान्यावरच शस्त्राचा क्रमांक चढवला जातो आणि निवडणूक आली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघतात. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला विचित्र वाटेल. कॅनडात मात्र त्याने दोन दशके राजकारण ढवळून काढले.

कॅनडात पिस्तुलांची नोंदणी १९३४ पासून सक्तीची आहे. रायफल आणि शॉटगन यांना ती नव्हती, कारण ती शेतकऱ्यांची व शिकाऱ्यांची हत्यारे मानली जात. ६ डिसेंबर १९८९ रोजी मॉन्ट्रियलमधील एका अभियांत्रिकी संस्थेत बंदूकधाऱ्याने १४ महिलांची हत्या केली. त्याच्या हातातील 'मिनी-१४' रायफल कायदेशीर मार्गाने खरेदी केलेली होती. या हत्याकांडानंतर उभ्या राहिलेल्या जनमताच्या रेट्यातून १९९५ मध्ये पंतप्रधान जाँ क्रेतिएँ यांच्या सरकारने प्रत्येक बंदुकीची नोंद सक्तीची करणारा कायदा संमत केला. अल्बर्टा प्रांताने त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये कायदा वैध ठरवला.

कायदा टिकला, हिशेब मात्र टिकला नाही. या योजनेवर ११ कोटी ९० लाख डॉलर खर्च होतील, त्यातील ११ कोटी ७० लाख शुल्कातून परत मिळतील, म्हणजे तिजोरीवर भार केवळ २० लाखांचा, असे सांगण्यात आले होते. महालेखापरीक्षक शीला फ्रेझर यांनी डिसेंबर २००२ मध्ये दिलेल्या अहवालात संपूर्ण कार्यक्रमाचा खर्च १०० कोटी डॉलरवर जाईल, असा इशारा दिला. संसदेला या वाढीची नीट माहितीच दिली गेली नाही, हा त्यांचा ठपका अधिक गंभीर होता. विरोधकांना याहून मोठे हत्यार मिळण्याची गरज नव्हती.

त्यांचा मूळ युक्तिवाद असा, की गुन्हेगार नोंदणी करायला येत नाही. कागदपत्रांचा जाच होतो तो प्रामाणिक ग्रामीण माणसाला, आणि आजची यादी ही उद्याच्या जप्तीची तयारी असते. पोलीस प्रमुखांच्या संघटनेचे म्हणणे नेमके उलटे होते. एखाद्या घराचे दार ठोठावण्यापूर्वी आत किती बंदुका आहेत हे कळावे, घटनास्थळी सापडलेले हत्यार मालकापर्यंत नेता यावे, यासाठी यादी हवीच. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. पण नोंदणीमुळे किती जीव वाचले, हे आकड्यांत दाखवणे समर्थकांना कधीच नीट जमले नाही.

सप्टेंबर २०१० मध्ये ही यादी संसदेत १५३ विरुद्ध १५१ अशा मतांनी वाचली. पुढच्याच वर्षी स्टीफन हार्पर यांना स्पष्ट बहुमत मिळाले आणि एप्रिल २०१२ मध्ये रायफल-शॉटगनची नोंदणी रद्द झाली. एवढेच नव्हे, तर जमा माहिती नष्ट करण्याचे कलमही कायद्यात घातले गेले. क्वेबेकने आपल्या प्रांतापुरती माहिती मागितली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध चार अशा निकालाने हरला. अखेर त्याने स्वतःचा कायदा केला व जानेवारी २०१८ पासून स्वतंत्र नोंदणी सुरू केली.

पुसलेल्या यादीची किंमत पुढे दिसली. एप्रिल २०२० मध्ये नोव्हा स्कोशियात एका हल्लेखोराने २२ जणांचा बळी घेतला. त्यानंतर १ मे रोजी केंद्र सरकारने सुमारे दीड हजार प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली. 'मिनी-१४' त्यांत होती. ज्या प्रकारांवर आधीपासून निर्बंध होते, त्यांचे मालक नोंदीत सापडत होते. 'मिनी-१४'सारख्या रायफली क्वेबेकबाहेर कोणाच्या कपाटात आहेत, हे सांगणारी सरकारी यादी मात्र उरली नव्हती. मे २०२२ पासून विक्रेत्यांवर विक्रीच्या नोंदी ठेवण्याची सक्ती पुन्हा आली, पण त्या वह्या दुकानातच राहतात, पोलिसांकडे जमा होत नाहीत.