परदेशस्थांचे कौशल्यदान : संधी, नियम आणि पथ्ये

श्रमदान हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. गावाचा रस्ता, तलावातील गाळ, शाळेची भिंत अशा कामांना हात लागतात आणि ते हात गावकरीच पुरवतात. परंतु संस्थेचे हिशेब नीट मांडणे, दवाखान्यातील नोंदींसाठी संगणकप्रणाली तयार करणे, करारनामा तपासणे किंवा पाणीयोजनेचा आराखडा काढणे ही कामे केवळ हातांनी होत नाहीत. त्यांना शिक्षण आणि अनुभव लागतो. तो बाजारभावाने विकत घेणे लहान सेवाभावी संस्थांना परवडत नाही. अशा संस्थेला एखाद्या व्यावसायिकाने आपले कसब विनामूल्य देणे, याला पाश्चात्त्य देशांत ‘प्रो बोनो’ असे लॅटिन नाव आहे. मराठीत त्याला श्रमदानाच्या धर्तीवर कौशल्यदान म्हणता येईल.

परदेशात गेलेल्या मराठी माणसासाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. पतीच्या किंवा पत्नीच्या नोकरीनिमित्त परदेशी आलेल्या अनेक उच्चशिक्षित व्यक्तींना तेथे नोकरी करण्याची परवानगी नसते. वास्तुविशारद, सनदी लेखापाल, प्राध्यापक, संगणक अभियंता अशा पात्रतेच्या व्यक्तीचा व्यवसाय चार-पाच वर्षे थांबला, तर तो पुन्हा सुरू करणे कठीण जाते. कौशल्यदानामुळे हा सराव टिकतो, स्थानिक समाजाशी परिचय होतो आणि पुढे उपयोगी पडणारी शिफारसपत्रेही मिळतात. मात्र वेतन घेतले नाही म्हणजे कोणतेही काम चालते, हा समज चुकीचा आहे. व्हिसाच्या अटींचा भंग झाला तर पुढील सर्व अर्जांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. म्हणूनच या कामाच्या संधींइतकीच त्याच्या नियमांचीही माहिती असणे आवश्यक आहे.

संस्था आणि परंपरा

विनामूल्य व्यावसायिक सेवेची परंपरा वकिली व्यवसायात सर्वांत रुळलेली आहे. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांनुसार प्रत्येक वकिलाने वर्षाला किमान ५० तास अशी सेवा देण्याचा प्रयत्न करावा, अशी अपेक्षा आहे. न्यूयॉर्क राज्याने त्यापुढे पाऊल टाकले. तेथे १ जानेवारी २०१५ पासून वकिलीची सनद घेण्यापूर्वी उमेदवाराने ५० तासांची लोकहितार्थ सेवा पूर्ण केलेली असावी लागते. ही सेवा योग्य देखरेखीखाली अमेरिकेबाहेरही करता येते. त्यामुळे एलएल.एम.साठी न्यूयॉर्कला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे.

इतर व्यवसायांसाठीही संस्था उभ्या राहिल्या आहेत. लहान उद्योजकांना अनुभवी व्यावसायिकांचे मार्गदर्शन मिळवून देणारी ‘स्कोअर’ ही अमेरिकन संघटना १९६४ साली सुरू झाली. ‘टॅपरूट फाउंडेशन’ने २००१ पासून विपणन, आरेखन, मनुष्यबळ व्यवस्थापन अशा क्षेत्रांतील व्यक्तींची सेवाभावी संस्थांशी गाठ घालून देण्यास सुरुवात केली. संयुक्त राष्ट्रसंघाने १९७० साली स्थापन केलेल्या स्वयंसेवक कार्यक्रमाचे मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे असून, २००० सालापासून त्याने घरबसल्या इंटरनेटद्वारे काम करण्याची सोय उपलब्ध केली आहे. जानेवारी २०१० मधील हैतीच्या भूकंपानंतर ‘ओपनस्ट्रीटमॅप’च्या जगभरातील स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचे नकाशे तयार केले. मदतपथकांना त्यांचा उपयोग झाला. हजारो मैल दूर बसूनही कसब उपयोगी पडते, हे त्यातून दिसले.

लेखापालांसाठी अमेरिकी प्राप्तिकर खात्याचा ‘व्हिटा’ हा कार्यक्रम उल्लेखनीय आहे. त्यात अल्प उत्पन्न असलेल्या नागरिकांची विवरणपत्रे स्वयंसेवक विनामूल्य भरून देतात. त्यासाठी अमेरिकी लेखापालाची पदवी लागत नाही. खात्याची प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. परकीय विद्यार्थ्यांच्या विवरणपत्रांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र आहे. भारतातून आलेल्या सनदी लेखापालाला तेथील करपद्धती शिकण्याचा हा सुलभ मार्ग ठरतो.

व्हिसाची लक्ष्मणरेषा

अमेरिकेत स्वयंसेवक कोण आणि कर्मचारी कोण, हे ठरवताना १९३८ च्या न्याय्य श्रममानक कायद्याचा आधार घेतला जातो. त्याचे सर्वसाधारण तत्त्व असे : काम सेवाभावी, धार्मिक किंवा लोकोपयोगी हेतूने चालणाऱ्या संस्थेसाठी असावे, ते स्वेच्छेने व मोबदल्याच्या अपेक्षेविना केलेले असावे, आणि त्यामुळे पगारी कर्मचाऱ्याची जागा घेतली जाऊ नये. नफा कमावणाऱ्या खासगी कंपनीत ‘अनुभवासाठी’ फुकट काम करणे या व्याख्येत बसत नाही. संबंधित व्यक्ती स्वतःला काय म्हणवते, याला कायदा निर्णायक महत्त्व देत नाही. १९८५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका धार्मिक प्रतिष्ठानाच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. प्रतिष्ठानाच्या व्यापारी उद्योगांत अन्न-वस्त्र-निवाऱ्याच्या बदल्यात राबणारे लोक स्वतःला स्वयंसेवक म्हणवत होते, तरीही न्यायालयाने त्यांना कर्मचारी ठरवले. यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी. रोख पगार नसला तरी मोफत निवास, भोजन किंवा पुढे नोकरी देण्याचे आश्वासन हाही मोबदला मानला जाऊ शकतो.

एच-४ व्हिसावर आलेल्या जोडीदारांना मुळात नोकरीची परवानगी नाही. २६ मे २०१५ पासून त्यांच्यापैकी मर्यादित गटाला, मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीनकार्डच्या प्रक्रियेतील आय-१४० हा अर्ज मंजूर झाला आहे अशांना, कामाचा परवाना मागता येऊ लागला. इतरांनी केवळ खऱ्या अर्थाने स्वयंसेवेचे असलेलेच काम स्वीकारावे. ग्रंथालय, अन्नछत्र, संग्रहालय, शाळेतील वाचनवर्ग येथील पदे परंपरेने स्वयंसेवकांचीच असतात. याउलट एखाद्या संस्थेने पगारी पदाची जाहिरात दिली आणि तेच पद कोणी विनावेतन भरले, तर तो व्यवहार संशयास्पद ठरतो. विनावेतन काम करायचे आणि परवाना आल्यावर मागील महिन्यांचा पगार घ्यायचा, ही तडजोड तर कटाक्षाने टाळावी.

विद्यार्थ्यांची स्थिती थोडी निराळी आहे. पदवीनंतरच्या ‘ओपीटी’ या प्रशिक्षणकाळात एकूण ९० दिवसांहून अधिक काळ बेरोजगार राहता येत नाही. पहिल्या बारा महिन्यांत अभ्यासविषयाशी निगडित असे आठवड्याला किमान २० तासांचे विनावेतन काम, श्रमकायद्यांचा भंग होत नसल्यास, रोजगार म्हणून धरले जाते. त्यामुळे मंदीच्या काळात सेवाभावी संस्थेतील काम हा अनेकांचा आधार ठरतो. विज्ञान व तंत्रज्ञान शाखांच्या वाढीव चोवीस महिन्यांत मात्र ही सवलत नाही. तेथे काम वेतनाचेच असावे लागते.

ब्रिटनमध्ये ‘व्हॉलंटियरिंग’ आणि ‘व्हॉलंटरी वर्क’ असा सूक्ष्म पण महत्त्वाचा भेद आहे. पहिल्यात करार नसतो, बंधन नसते आणि प्रवासखर्चासारख्या वाजवी परताव्याखेरीज काही मिळत नाही. दुसऱ्यात ठरावीक वेळ व जबाबदारी असते. पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्याला २० तासांची कार्यमर्यादा असेल, तर ‘व्हॉलंटरी वर्क’चे तास त्या मर्यादेत मोजले जातात. पाहुणा म्हणून आलेल्या व्यक्तीला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करता येते. मुलांकडे अथवा नातवंडांकडे गेलेल्या निवृत्त मंडळींनी ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

परवान्याचा प्रश्न

सेवा विनामूल्य असली तरी व्यवसायाच्या परवान्याची अट सुटत नाही. भारतातील एम.बी.बी.एस. पदवीधराला परदेशातील धर्मादाय दवाखान्यात तेथील परवान्याविना रुग्ण तपासता येत नाहीत. तो दुभाषी म्हणून, आरोग्यशिक्षणात किंवा नोंदी ठेवण्यात साहाय्य करू शकतो. अभियंत्याने काढलेल्या बांधकामाच्या नकाशावर स्थानिक परवानाधारकाची सही लागू शकते.

सर्वाधिक गफलत स्थलांतरविषयक सल्ल्याबाबत होते. मंडळातील अनुभवी सदस्य नवागतांचे व्हिसाचे अर्ज भरून देतात, हे चित्र सर्वत्र दिसते. अर्जातील शब्दांचा अर्थ सांगणे किंवा भाषांतर करून देणे वेगळे आणि कोणता अर्ज करावा याचा सल्ला देणे वेगळे. अमेरिकेत हा सल्ला देण्याचा अधिकार वकिलांना आणि मान्यताप्राप्त संस्थांच्या अधिकृत प्रतिनिधींनाच आहे. ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्यानुसार पात्रता अथवा नोंदणी नसताना असा सल्ला देण्याचे काम चालवणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि तो सल्ला फुकट होता, हा बचाव चालत नाही. तेथील नियामक कार्यालय जानेवारी २०२५ पासून ‘इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी’ या नावाने ओळखले जाते.

कामात अनवधानाने चूक झाल्यास काय, ही भीती स्वाभाविक आहे. अमेरिकेच्या १९९७ च्या स्वयंसेवक संरक्षण कायद्याने सेवाभावी संस्थांच्या स्वयंसेवकांना साध्या निष्काळजीपणाच्या दाव्यांपासून संरक्षण दिले आहे. परंतु आवश्यक तेथे परवाना असणे आणि नेमून दिलेल्या कक्षेतच काम केलेले असणे, या त्याच्या अटी आहेत. हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाला त्यात क्षमा नाही.

नोकरी करणाऱ्यांनी आपला नेमणुकीचा करारही वाचावा. अनेक संगणक कंपन्यांच्या करारांत कर्मचाऱ्याने निर्माण केलेल्या बौद्धिक संपदेवर कंपनीचा हक्क सांगणारे कलम असते. कार्यालयाचा संगणक वापरून एखाद्या संस्थेसाठी प्रणाली लिहिली, तर तिच्या मालकीचा वाद उद्भवू शकतो आणि नुकसान त्या संस्थेचे होते. त्यामुळे कंपनीची लेखी अनुमती घ्यावी, तसेच तयार झालेले काम कोणाच्या मालकीचे राहील, हे संस्थेशी आधीच लेखी ठरवावे. करबचतीची अपेक्षाही बाळगू नये. अमेरिकेत दिलेल्या वेळेच्या मूल्यावर करसवलत मिळत नाही. तपशीलवार वजावटी दाखवणाऱ्यांना प्रत्यक्ष खर्च आणि मोटारीच्या प्रवासासाठी मैलामागे १४ सेंट एवढीच वजावट घेता येते.

मायदेशातील संस्थांसाठी

परदेशातून महाराष्ट्रातील संस्थांना साहाय्य करण्याची परंपराही जुनी आहे. ‘महाराष्ट्र फाउंडेशन’ १९७८ साली अमेरिकेत स्थापन झाले. १९९१ मध्ये मेरीलँड विद्यापीठात ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ आणि बर्कली येथे ‘आशा फॉर एज्युकेशन’ यांची सुरुवात झाली.

यांपैकी पहिल्या संस्थेचे संस्थापक, भौतिकशास्त्रज्ञ रवी कुचिमंची यांचे नाव नंदुरबार जिल्ह्यातील बिलगावच्या वीजप्रकल्पाशी जोडलेले आहे. आशुतोष गोवारीकर यांच्या २००४ सालच्या ‘स्वदेस’ चित्रपटाची प्रेरणा म्हणूनही या कामाचा उल्लेख होतो. नर्मदेच्या खोऱ्यातील या आदिवासी गावात ओढ्याच्या प्रवाहावर चालणारा १५ किलोवॉट क्षमतेचा प्रकल्प २००३ मध्ये सुरू झाला. त्याची खरी तांत्रिक जबाबदारी केरळच्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’च्या अभियंत्यांनी पेलली, बांधकामासाठी गावकऱ्यांनी श्रमदान केले आणि परदेशस्थांनी निधी व समन्वय यांचा भार उचलला. २००६ मध्ये हा प्रकल्प पाण्याखाली गेला. तरीही त्याचा धडा टिकून आहे. परदेशी पदवीधर स्वतः सर्व कामांचा जाणकार नसतो. योग्य जाणकार शोधणे आणि गावाच्या श्रमाला त्याची जोड देणे, हेही कौशल्यदानच आहे.

वेळ देताना कायद्याची अडचण सहसा येत नाही; पैसा किंवा वस्तू पाठवताना मात्र परकीय योगदान नियमन कायदा, २०१० लागू होतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी मात्र, तिच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, परकीय ठरते. कायद्याच्या व्याख्येत वस्तूंचाही समावेश असल्याने परदेशी नागरिकाने संस्थेला संगणक भेट देण्यापूर्वी तिची नोंदणी तपासावी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे योगदान प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावे लागते आणि त्यातून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे.

कामाची आखणी

कौशल्यदान फसते ते बहुधा कायद्यामुळे नव्हे, तर अर्धवट राहिलेल्या कामामुळे. उत्साहाने सुरू केलेले संकेतस्थळ निर्माता गावी परतला की बंद पडते. हिशेबाची प्रणाली कोणालाच चालवता येत नाही. संस्थेचा वेळ मात्र खर्ची पडलेला असतो. हे टाळण्यासाठी सुरुवातीलाच एक पानी लेखी समजुतीचा मसुदा करावा. काम नेमके कोणते, किती आठवड्यांचे, आठवड्याला किती तास, संस्थेकडून निर्णय कोण देणार आणि काम संपल्यावर ते कोण सांभाळणार, एवढे पाच मुद्दे त्यात पुरेसे आहेत. पहिले काम लहान, दोन-तीन महिन्यांत संपणारे घ्यावे. संस्थेच्या कार्यकर्त्याला शिकवण्याचा वेळ त्यातच धरावा.

संस्थेची पारख करणेही गरजेचे आहे. अमेरिकेत ‘५०१(सी)(३)’ दर्जाच्या संस्थांची यादी प्राप्तिकर खात्याकडे, इंग्लंड व वेल्समध्ये चॅरिटी कमिशनकडे, तर भारतात नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ संकेतस्थळावर पाहता येते. मुलांशी किंवा वृद्धांशी संबंध येणाऱ्या कामासाठी पार्श्वभूमीची तपासणी मागितली गेल्यास त्यात अपमान मानू नये. लाभार्थींची माहिती हाताळताना युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेले गोपनीयतेचे नियम पाळावे लागतात; भारतानेही २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा संमत केला आहे.

व्हिसाचे नियम वारंवार बदलतात. त्यामुळे काम स्वीकारण्यापूर्वी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाचा किंवा स्थलांतर वकिलाचा सल्ला घेणे श्रेयस्कर. कामाचे तास, स्वरूप आणि संस्थेचे पत्र यांची नोंद जपून ठेवावी. व्हिसाच्या मुलाखतीत विचारणा झाली तर हीच नोंद उपयोगी पडते आणि खंडित झालेला व्यवसाय पुन्हा सुरू करताना नव्या मालकापुढे अनुभवाचा पुरावा म्हणूनही तीच ठेवता येते.