न्हाणीघरातील कोनाडा



या व्याख्यानमालेत आपण साम्राज्यांचे उदयास्त ऐकता, संतांचा विचार ऐकता. त्या पंक्तीत न्हाणीघरातील कोनाड्याला पाट मांडावा, हे काहींना धाडसाचे वाटेल. पण इतिहास केवळ तख्तावर घडत नाही. आपण रोज हाताळतो त्या वस्तूंतूनही तो घडत असतो. घरी गेल्यावर न्हाणीघराचे दार उघडून पाहा. फळीवर अर्धवट संपलेल्या तीन बाटल्या, साबणाच्या झिजलेल्या चिपा, मुदत टळलेले मलम आणि माळ्यावर कान तुटलेली बादली. ही दाटी केव्हापासूनची? आणि पूर्वी ती नव्हती, तर का नव्हती? आजचा प्रश्न एवढाच.

प्रारंभ मोहेंजोदडोपासून करू. तेथील सुमारे १२ मीटर लांब व ७ मीटर रुंद महास्नानगृह सर्वांना ठाऊक असते. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तेथील साध्या घरांतील न्हाण्या अधिक बोलक्या आहेत. भाजलेल्या विटांची फरशी, तिला बेताचा उतार आणि पाणी थेट गटारात. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्याने पाण्याला घराबाहेर पडायची वाट नेमकी आखून दिली होती. वस्तूंसाठी अशी वाट आखण्याची गरज त्याला पडली नसावी. कारण प्राचीन स्नानसामग्री वापरताच संपणारी होती. चरकसंहितेत दंतधावन, अभ्यंग आणि स्नान हा क्रम सविस्तर आला आहे; पण दातवणाची काडी ताजी तोडावी, वापरावी आणि टाकून द्यावी. ती ठेवायला भांडे नको, की फळी नको. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या स्नानभोगाचे वर्णन केले आहे. थाट राजाचा, तरी सामग्री मात्र तेलाची आणि उटण्याचीच.

आपल्याकडील जुन्या वाड्यातली न्हाणी आठवा. एका अंगाला चुलाण, त्यावर तपेले. खाली घंगाळ, तांब्या आणि बसायला पाट. पाय घासायला वज्री. भिंतीत एखादा कोनाडा, त्यात पणती. वर कपड्यांसाठी दांडी. एवढाच संसार. शिकेकाई वाटीतून यायची, डाळीचे पीठ स्वयंपाकघरातून यायचे, आणि अंघोळ आटोपली की रिकामी वाटी परत जायची. तपेले फुटले तर तांबटाकडे, नाहीतर मोडीत जायचे. तांब्याला मोल होते, म्हणून निकामी तांबे घरात रेंगाळत नसे.

हे ऐकून कोणी म्हणेल, काय ती आपल्या पूर्वजांची टापटीप! थांबा. तो कोनाडा आपोआप रिकामा राहत नव्हता. पहाटे उठून चुलाण पेटवणारी, पाणी आणणारी, शिकेकाई कुटणारी, राख काढणारी कोणीतरी बाई त्या रिकामेपणामागे उभी होती. आणि ज्यांना पाणवठ्यालाच हात लावू दिला जात नव्हता, त्यांच्या घरी कसली न्हाणी? नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९-५० च्या सुमारास, कात्रजचे पाणी नळाने पुण्याच्या हौदांत आले खरे. पण जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करून द्यावा लागला तो १८६८ मध्ये, आणि महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह व्हायला १९२७ साल उजाडावे लागले. वस्तूंच्या पसाऱ्याची चिंता करायलाही आधी हक्काचे पाणी लागते.

हे पाणी मुंबईत नळाने आले: १८६० मध्ये विहारचे, १८७९ मध्ये तुळशीचे, १८९२ मध्ये तानशाचे. त्याच सुमारास साबण आला. १८८८ मध्ये ‘सनलाइट’ कलकत्त्याच्या बंदरात उतरला. १८९७ मध्ये मीरतेस देशी कारखाना निघाला. १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानाने बंगळूरला आपला कारखाना काढला. साबणात चरबी असते म्हणून सोवळ्या घरांनी नाक मुरडले, तेव्हा गोदरेजांनी वनस्पती तेलाचा साबण पुढे आणला. १९३४ मध्ये मुंबईत शिवडीलाच लिव्हरचा साबण बनू लागला.

साबणाने न्हाणीचा स्वभावच पालटला. शिकेकाईची वाटी परत जात होती. ओला साबण परत कोठे नेणार? तो तेथेच मुक्काम करू लागला आणि पणतीचा कोनाडा त्याने बळकावला. मागोमाग दंतमंजनाचा डबा, तेलाची बाटली, दाढीचे सामान आले. चाळीतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात तर चार हातांची मोरी हीच न्हाणी, हीच भांडी घासायची जागा आणि हाच पाण्याचा साठा. तेथे प्रत्येक वस्तूचे स्थान आणि प्रत्येक माणसाची वेळ ठरलेली असे. अशा घरात टापटीप हा शोभेचा गुण नव्हता. तिच्यावाचून मुलाला शाळेची आणि बापाला गिरणीची वेळ गाठता आली नसती.

पुढे बंद दाराचे न्हाणीघर आले आणि पसाऱ्याला आडोसा मिळाला. हा केवळ आपलाच दोष नव्हे. अमेरिकेत १९०३ पासून जिलेटचे पात्याचे वस्तरे विकले जाऊ लागले. बोथट पाती टाकायची कोठे? तेथल्या कित्येक घरांत आरशाच्या कपाटाच्या पाठीला एक बारीक फट ठेवीत. पाते त्यातून सरकवायचे, ते भिंतीच्या पोकळीत पडायचे. जुनी घरे पाडताना भिंतींतून गंजलेल्या पात्यांचे ढीग निघाले आहेत! कचरा गेला नव्हता. नजरेआड झाला होता. आपला माळा याच जातीचा. बंब गेला, गिझर आला. पितळेची जागा प्लॅस्टिकने घेतली. १९८० नंतर शॅम्पूच्या पुड्या दुकानोदुकानी लोंबू लागल्या. तांब्याइतके मोल नसल्याने रिकामी बाटली मोडीत काढायची घाई कोणालाच नाही.

मग आवरायचे कसे? इतिहासाने शिकवलेले दोनतीन धडे पुरेत. ओल्या जागी ओल सोसणाऱ्या वस्तूच असाव्यात. औषधे तर तेथे मुळीच नकोत, कारण उष्णतेने आणि दमटपणाने ती बिघडतात. एक संपल्याशिवाय दुसरी बाटली उघडू नये. रोज लागणारे हाताशी ठेवावे आणि वर्षात ज्याला हात लागला नाही त्याला माळ्याची नव्हे, दाराबाहेरची वाट दाखवावी.

परंतु खरा धडा याहून निराळा आहे. जुनी न्हाणी मोकळी होती ती एकीच्या कष्टांवर. आज घरातले सगळे मिळून वस्तू आणतात आणि आवरायचे काम मात्र अजून बहुधा तिच्याच वाट्याला येते. तेव्हा उद्या सकाळी फळी आवरायला घ्याल, तर आधी एवढेच ठरवा: बाटली ज्याने आणली, त्यानेच ती रिकामी झाल्यावर बाहेर न्यावी.