पत

आमच्या मालवणात पूर्वी माणसाची पत वाण्याच्या वहीत असायची. पावसाळ्यात मासेमारी बंद, सामान उधारीवर. नारळी पौर्णिमेनंतर होड्या दर्यात गेल्या की फेड. चुकली, तर वाणी विचारायचा, "काय झाला रे?" आणि पुढच्या हंगामापर्यंत थांबायचा.

तिकडे घाटावर इतका धीर नव्हता. मे १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली.

२००० साली स्थापन झालेल्या सिबिलकडची नोंद जाळता येत नाही. एका सहकाऱ्याला मी जामीन राहिलो, त्याने हप्ते थकवले, डाग माझ्या नावावरही आला. ती थकबाकी मीच भरली. मग छोटं कर्ज घेऊन हप्ते वेळेवर फेडले. ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर आकडा हळूहळू वर सरकला. पत परत आली. पण काय झालं, हे कोणी विचारलं नाही.