दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीतील वेगनियोजन

दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीतील वेगनियोजन (प्रचलित शब्द: पेसिंग) म्हणजे संपूर्ण अंतर पार करता येईल असा वेग आधी ठरवणे व शर्यतीत तो सांभाळणे होय. अर्धमॅरेथॉन (२१.०९७५ किमी) किंवा मॅरेथॉन (४२.१९५ किमी) प्रथमच धावणाऱ्यांसाठी ते विशेष महत्त्वाचे असते.

शरीरशास्त्रीय आधार

स्नायू व यकृत यांत साठलेले ग्लायकोजेन हे धावपटूचे प्रमुख इंधन होय. हा साठा मर्यादित असतो आणि वेग वाढला की मेदाच्या तुलनेत तो अधिक झपाट्याने खर्च होतो. मॅरेथॉनमध्ये साधारणतः ३० किमीनंतर तो संपत आल्यास पाय जड होतात व वेग एकाएकी घटतो. प्रारंभी अंगात ताजेपणा असतो व भोवती गर्दीचा उत्साह असतो. त्यामुळे न पेलणारा वेगही सोपा वाटतो आणि चूक उशिरा लक्षात येते.

पद्धत

अर्धमॅरेथॉन अडीच तासांत पूर्ण करण्यासाठी प्रत्येक किलोमीटरला सरासरी सुमारे ७ मिनिटे ७ सेकंद लागतात. नवोदिताने पहिले तीन-चार किलोमीटर याहून १०–१५ सेकंद सावकाश धावणे हितावह असते. धावताना पूर्ण वाक्य बोलता येणे ही योग्य वेगाची सोपी खूण आहे. उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा जलद धावण्यास 'निगेटिव्ह स्प्लिट' म्हणतात. केनियाच्या केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागो येथे २ तास ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा पूर्वार्धास ६० मिनिटे ४८ सेकंद, तर उत्तरार्धास ५९ मिनिटे ४७ सेकंद लागले होते.

मार्ग व हवामान

सातारा हिल अर्धमॅरेथॉनमध्ये जाताना यवतेश्वर घाटाची चढण व परतताना उतार असतो. तेथे घड्याळापेक्षा श्वासावरून श्रमाचा अंदाज घेणे योग्य ठरते. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडची चढण परतीच्या वाटेवर, पाय थकलेले असताना येते. त्यामुळे तिच्यासाठी शक्ती राखून ठेवावी लागते.

उष्णतेत शरीर थंड राखण्यासाठी रक्तप्रवाह त्वचेकडे वळतो आणि त्याच वेगासाठी हृदयाला अधिक काम करावे लागते. छत्रपती संभाजीनगरचे तापमान चिकलठाणा येथील वेधशाळेत नोंदवले जाते. एप्रिल-मे महिन्यांत तेथील कमाल तापमान ४० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचते. अशा ऋतूत पहाटे धावणे व ठरवलेला वेग कमी करणे आवश्यक असते. चक्कर, छातीत दुखणे किंवा बुद्धिभ्रम जाणवल्यास वेळेचा विचार सोडून तत्काळ थांबावे व वैद्यकीय मदत घ्यावी.