खिडकीतला तरवा

बेळगावात आषाढ लागला की ऊन दिसणं म्हणजे पाहुणा दारात येण्यासारखं. अशाच एका आषाढात मी स्वयंपाकघराच्या खिडकीत संकेश्वरी मिरचीचा आणि टोमॅटोचा तरवा टाकला. आमच्या घरात कांदा-मुळा तर नाहीच, वांगंसुद्धा बहुबीज म्हणून वर्ज्य; तेव्हा खिडकीत लावायला राहिलं काय, तर हीच दोन. बी छान उगवलं. पण पंधरा दिवसांत रोपं दोऱ्यासारखी बारीक, फिकट, लांबुळकी झाली आणि सगळीच्या सगळी काचेकडे मान वळवून उभी राहिली. मग एकेक आडवं पडायला लागलं.

दाटी झालीय म्हणून मी त्यातली मरतुकडी रोपं उपटायला बसले, तेवढ्यात आजी मागून म्हणाली, "काय करालीस गं? एकेंद्रिय असला तरी जीवच आहे की तो!" मी हात मागे घेतला. रोपं काही वाचली नाहीत, पण दोन प्रश्न मागे राहिले. रोप असं का वागतं? आणि त्याला हात लावायचा मला हक्क किती?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी इंग्लंडातल्या केंट परगण्यात पोचले. तिथल्या डाऊन गावात चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस गवताच्या कोंबांवर प्रयोग करत होते. पक्ष्यांना दाणा म्हणून घालतात त्या कॅनरी गवताचे ते कोंब. एका बाजूने उजेड आला की कोंब तिकडे वाकतो. डार्विनने कोंबाच्या शेंड्यावर इवलीशी टोपी घातली, तर कोंब वाकेना. शेंडा उघडा ठेवून खालचा भाग झाकला, तर मात्र वाकला. म्हणजे उजेड कळतो शेंड्याला आणि वाकतं त्याच्या खालचं अंग! शेंड्याकडून काहीतरी निरोप खाली जातो, असं या बापलेकांनी १८८० साली आपल्या ग्रंथात लिहिलं.

हा निरोप नेणारं द्रव्य पुढे हॉलंडात युट्रेख्टला फ्रिट्स वेंट या तरुणाने १९२६ साली पकडलं. ओटच्या कोंबांचे शेंडे कापून त्याने ते अगारच्या थरावर ठेवले. मग त्या अगारचा तुकडा शेंडा कापलेल्या कोंबाच्या एका कडेला बसवला. कोंब अंधारातसुद्धा वाकला. या द्रव्याला ऑक्झिन म्हणतात. उजेडाच्या उलट बाजूला ते जास्त साठतं, तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि रोप उजेडाकडे झुकतं. उजेड पुरेसा नसेल तर रोप पानं आणि खोड भरायचं सोडून सगळं बळ उंची वाढवण्यात घालवतं. मातीखालून वर येणाऱ्या कोंबाला ते शहाणपणच आहे. पण माझ्या खिडकीत वर पोचूनही पुरेसा उजेड नव्हता, म्हणून ती बिचारी लांबतच राहिली.

तरी उजेडाने अर्धंच उत्तर मिळालं. उरलेलं अर्धं वाऱ्याचं. थॉमस अँड्र्यू नाइट नावाच्या इंग्रज बागाइतदाराने १८०३ साली सफरचंदाच्या कोवळ्या झाडांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही झाडं त्याने खुंटाला अशी बांधली की ती हलू शकत नव्हती, काही मोकळी सोडली. वाऱ्याने डोलणाऱ्या झाडांची खोडं जास्त जाडजूड झाली. पुढे १९७३ साली मार्क जॅफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने रोपांची खोडं रोज काही क्षण बोटांनी हलकेच चोळून पाहिली. रोपं बुटकी राहिली, पुष्कळांची खोडं जाड झाली. जपानात तर शेतकरी थंडीत गव्हा-जवाची कोवळी रोपं मुद्दाम पायांनी तुडवत आले आहेत. तिकडे त्याला मुगिफुमी म्हणतात. तुडवलेल्या रोपांना फुटवे जास्त येतात आणि पीक पुढे लोळत नाही.

हे वाचलं आणि मी थबकलेच. दशलक्षण पर्वात आमच्या बस्तीत रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो. दुसऱ्या दिवशी दुसरा अध्याय आणि त्यातच इंद्रियांचा विचार. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती या जीवांना एकच इंद्रिय, ते म्हणजे स्पर्श. लहानपणापासून ऐकलेलं. आता वाटलं, बघा, दीड हजार वर्षांहून जुना ग्रंथ आणि झाडाला त्याने नेमका स्पर्शच दिलाय! "आपल्या शास्त्रात हे आधीच सांगितलंय" हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं.

मी ते गिळलं. कारण ते खरं नाही. सूत्रकारांनी कुंडीतलं रोप चोळून खोड मोजलं नव्हतं. स्पर्शाने खोड जाड होतं, असं त्यात कुठेही नाही. ते जाणायला नाइटचे खुंट आणि जॅफची बोटंच लागली. त्यांचं श्रेय त्यांनाच द्यायला हवं. पण जॅफचा प्रश्न होता, हात लावला की काय होतं. सूत्र ऐकत वाढलेल्या माझ्या आजीचा प्रश्न होता, हात लावावा का आणि कितपत. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसरा सुटत नाही.

आमच्या भागातले चतुर्थ जैन बहुतेक शेतकरीच. शेती आदिनाथांनीच शिकवली असं आम्ही मानतो, म्हणून नांगर धरताना आमच्या लोकांना कधी लाज वाटली नाही. शेतीत होणाऱ्या हिंसेला शास्त्रात उद्योगी हिंसा म्हणतात; ती गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही. पण टळत नाही म्हणजे मोकळीक नव्हे. जेवढी कमी करता येईल तेवढी करायचीच. आजी त्या एका वाक्यात हेच सांगत होती आणि मला ते कळायला इतकी वर्षं आणि इतकी पुस्तकं लागली.

आता मी तरवा आषाढात टाकत नाही. पाऊस ओसरला, ऊन परतलं की टाकते, तोही पूर्वेच्या खिडकीत, काचेला अगदी लागून. वाट्या रोज अर्ध्या फिरवते, म्हणजे रोप एकीकडे झुकत नाही. पाणी वरची माती सुकल्यावरच. दुपारी खिडकी उघडून वारा येऊ देते आणि सकाळ-संध्याकाळ रोपांवरून तळहात हलकेच फिरवते, झोपलेल्या बाळाच्या जावळावरून फिरवावा तसा. महिन्या-सव्वा महिन्यात रोपं बुटकी, ठसठशीत, गडद हिरवी होतात. मग आठवडाभर रोज थोडा-थोडा वेळ बाहेर ठेवून उन्हाची सवय लावते आणि परड्यात लावते.

आणि विरळणी? ती करावीच लागत नाही. बी मोजून घेते, एका वाटीत एकच. एखादं उगवत नाही, ती वाटी रिकामी राहते. राहू दे.