आम्ही, तुम्ही आणि आपण

माझे आजोबा सांगलीचे. नोकरीसाठी मुंबईला आले आणि भायखळ्याच्या चाळीत एका खोलीत राहिले. शेजारच्या खोलीत एक मास्तर राहत. नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. दोन्ही घरांचा नळ एक, गॅलरी एक, वर्तमानपत्रही एकच. सकाळी आजोबांकडे, संध्याकाळी मास्तरांकडे. थंडीत धर्मावार संघांची क्रिकेट स्पर्धा सुरू झाली की मात्र दोघांचे संघ वेगळे व्हायचे. त्या काळच्या मुंबईत आपला संघ निवडावा लागत नसे. तो जन्माबरोबरच मिळायचा.

आजोबा ही हकिकत सांगताना एकेक बोट मिटत मोजत. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी अशी स्पर्धा. १९०७ मध्ये हिंदू आले, तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुसलमान आले, चौरंगी झाली. १९३७ मध्ये पाचवा संघ आला, पंचरंगी झाली. या संघाचं नाव 'रेस्ट'. त्यात ख्रिस्ती, ज्यू असे ज्यांना कुठेच जागा नव्हती ते सगळे. पाचवं बोट मिटताना आजोबा थांबत आणि म्हणत, "रेस्ट म्हणजे बाकीचे. आमच्या मास्तरांना संघ मिळाला तोही असला. बेरीज करून झाल्यावर उरलेल्यांचा."

आणि 'हिंदू' हा संघ तरी एकजीव होता का? हे आजोबांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलं होतं. १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या संघात पालवणकर बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम होते. बाळूंसारखा डावखुरा फिरकी गोलंदाज हिंदुस्थानात दुसरा नव्हता. पण ते चांभार समाजातले. पुण्यात त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकले जात आणि चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. हिंदूंचं कर्णधारपद बाळूंना शेवटपर्यंत मिळालं नाही. त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला, तेव्हा १९२३ साल उजाडलं होतं. पणजोबा म्हणत, "मैदानावर आम्ही सगळे हिंदू. चहाला बसलो की कोण कुठला ते आठवायचं."

या सामन्यांना विरोध होताच. सविनय कायदेभंगाच्या काळात, १९३० पासून चार वर्षं, ते झालेच नाहीत. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची माणसं वर्ध्याला गांधीजींना भेटली, तेव्हा त्यांनीही धर्मावर आधारलेले संघ आपल्याला पटत नसल्याचं सांगितलं. आजोबा खादी वापरणारे. गांधीजींचं म्हणणं त्यांना पटलं होतं. तरीही १९४३ मध्ये ते ब्रेबर्न स्टेडियमवर गेले. हे सांगताना त्यांचा आवाज दरवेळी खाली यायचा. "पटलं होतं, पण पाय ऐकेनात," एवढंच म्हणायचे.

अंतिम सामना हिंदू विरुद्ध रेस्ट. आजोबा आणि मास्तर एकत्र गेले, एकाच डब्यातलं जेवले, बाजू मात्र दोन. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. रेस्ट १३३ मध्ये गारद. आजोबा मास्तरांना म्हणाले, "आम्ही डावानं जिंकणार." मास्तर काही बोलले नाहीत.

फॉलोऑन मिळाला आणि विजय हजारे खेळायला आला. हजारे ख्रिस्ती, म्हणून रेस्टचा. पण हजारे सांगलीचा! आजोबांच्या गावचा! एका टोकाला त्याचा भाऊ विवेक नुसता उभा राहिला. त्याच्या धावा २१, पण दोघांची भागीदारी ३००. रेस्टच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेच्या. आजोबा सांगत, "दोनशे झाल्या तेव्हा मी टाळी वाजवली आणि आजूबाजूला बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. तीनशे झाल्या तेव्हा बघायचं सुचलंच नाही." हिंदू एक डाव आणि ६१ धावांनी जिंकले. परतताना ट्राममध्ये आजोबा मास्तरांना म्हणाले, "आमचा हजारे काय खेळला!" मास्तर हसले. "तुमचा कधी झाला तो?" आजोबांना उत्तर सुचलं नाही.

१९४६ च्या सुरुवातीला पंचरंगी कायमची थांबली. पुढल्या वर्षी मार्चमध्ये, बडोद्याला, रणजीच्या अंतिम सामन्यात हजारे आणि लाहोरचा गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. पंचरंगीत एक रेस्टचा, दुसरा मुसलमानांचा. इथे दोघं बडोद्याचे. पाच महिन्यांनी फाळणी झाली.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारतानं इंग्लंडला हरवलं. भारताचा तो पहिलाच कसोटी विजय, आणि कर्णधार विजय हजारे. बातमी ऐकून मास्तर गॅलरीतून धावत आले आणि दारातच म्हणाले, "आपण जिंकलो!"

आजोबांनी मला ही गोष्ट अनेकदा सांगितली, आणि प्रत्येक वेळी त्या एका शब्दावर ते थांबले. मराठीत 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. इतकी वर्षं शेजारी राहून, क्रिकेटच्या गप्पांत त्या दोघांमध्ये 'आम्ही' आणि 'तुम्ही' एवढेच शब्द होते. "आधी मी म्हणायला हवं होतं," आजोबा म्हणत. "संख्या आमची जास्त होती. दार आमच्याकडून उघडायचं होतं."

आज कुणी कुणाला संघावरून देशप्रेमाची परीक्षा द्यायला लावतं, तेव्हा मला ती गॅलरी आठवते. माणूस आपला आहे की नाही हे त्याच्या टाळीवरून मोजणाऱ्यांनी एकदा स्वतःला विचारावं, की आपण त्याला 'आपण'मध्ये घेतलं होतं का.

गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेला, १९५६ मध्ये त्यांच्याकडून कसोटीही खेळला. पण बडोद्याच्या त्या भागीदारीचा विषय निघाला की आजोबा शेवटपर्यंत म्हणत, "आपला हजारे आणि आपला गुल महंमद."