संपादक नसलेलं वर्तमानपत्र

मंडाले म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोकमान्य येतात. सहा वर्षांची शिक्षा, लाकडी कोठडी, गीतारहस्य. शाळेच्या पुस्तकातून आपल्याला भेटलेलं मंडाले तिथेच, १९१४ साली, थांबलं. फार तर थिबा राजा आठवतो, तिकडून रत्नागिरीला आणून ठेवलेला, तोही तिथल्या राजवाड्यामुळे. त्यानंतरचं मंडाले आपल्यापैकी कुणी पाहिलंय? मीही नाही. पण गेले काही महिने त्या शहराबद्दल मिळेल ते वाचतोय, आणि हाती लागलं ते इथे लिहून ठेवतो. जरा लांबेल, तेव्हा चहा घेऊनच बसा.

तर, १ जुलै २०१४. मंडालेतल्या एका चहाच्या दुकानाचा मालक मुसलमान होता. त्याने दुकानात कामाला असलेल्या बौद्ध मुलीवर बलात्कार केला, असा मजकूर जालावर आला. विराथू नावाच्या एका भिक्खूने तो नावानिशी फेसबुकवर पुढे ढकलला. संध्याकाळी दुकानाबाहेर शेकडो लोक जमले, हातात लाठ्या, दगड. पुढच्या दोन रात्रींत दोन माणसं मेली, एक बौद्ध आणि एक मुसलमान. शहरात संचारबंदी लागली. सरकारी अधिकारी फेसबुकमधल्या कुणाशी तरी बोलता येतंय का म्हणून धडपडत होते, पण त्या देशात कंपनीचा माणूसच नव्हता. शेवटी त्यांनी मंडालेत फेसबुक बंद करून टाकलं. आणि काही दिवसांनी सरकारनेच जाहीर केलं, की आरोप रचलेला होता, तक्रार करायला पैसे दिले गेले होते.

दोनच माणसं? दंगलींच्या इतिहासात ही अगदी छोटी नोंद. मला ती महत्त्वाची वाटते ती त्या शेकडो लोकांमुळे. ते कोण होते? विराथूचे पगारी गुंड सगळेच नसणार. दुकानदार, रिक्षावाले, कॉलेजची पोरं, सकाळी त्याच दुकानात चहा प्यायलेली माणसंही असतील. संध्याकाळपर्यंत त्यांना काय झालं?

उत्तर म्हणून "फेसबुकने केलं" असं म्हणून टाकणं सोपं आहे. पण ब्रह्मदेशाला हे नवीन नव्हतं बरं का. १९३८ साल घ्या. ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा होऊन वर्षच झालं होतं. १९३१ च्या जनगणनेत रंगूनमध्ये निम्म्याहून जास्त लोक हिंदी होते. गोदीतले हमाल, सावकार, कारकून, कापडाचे व्यापारी, सगळे आपल्याकडचे. त्यांच्याविषयी 'कला' (इंग्रजीत लिहितात त्यामुळे हल्ली 'कलार' वाचायला मिळतं) हा हेटाळणीचा शब्द. एका मुसलमान लेखकाच्या, बुद्धाविषयी वाईटसाईट लिहिलेल्या जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. बर्मी वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली आणि रोज तेल ओतलं. २६ जुलैला श्वेडगॉन पॅगोडावर सभा झाली, तिथून जमाव सुरती बाजाराकडे निघाला. दंगली रंगूनहून मंडालेपर्यंत पसरल्या.

मग इंग्रजांनी नेमली एक चौकशी समिती. समितीने भुकेची, जमिनीची, कर्जाची कारणं लिहिलीच, पण वर्तमानपत्रांनाही धारेवर धरलं. धरता आलं, कारण वर्तमानपत्राला संपादक होता. त्याने काय छापलं ते कागदावर होतं. आपल्या टिळकांना मंडालेला पाठवलं तेही केसरीतल्या अग्रलेखांसाठीच. त्यांची शिक्षा अन्यायाची होती हा मुद्दा वेगळा. मुद्दा इतकाच, की पहिल्या पानावर काय यावं हे कुणीतरी माणूस ठरवत होता आणि त्याचं नाव अंकावर छापलेलं होतं.

२०१४ च्या मंडालेत पहिलं पान कोण लावत होतं?

इथे थोडं सिमकार्डाबद्दल सांगायला हवं. लष्कराच्या राजवटीत तिकडे एका सिमकार्डाला हजार डॉलरहून जास्त पडत. २०१३ मध्ये दोन परदेशी कंपन्यांना परवाने मिळाले आणि २०१४ च्या उत्तरार्धात तेच सिम दीड डॉलरला मिळू लागलं. कल्पना करा.. ज्या देशात पन्नास वर्षं वर्तमानपत्र छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावं लागे, तिथे दोन-तीन वर्षांत कोट्यवधी लोकांच्या खिशात जग आलं. आपण ट्रिंग ट्रिंगपासून पेजर, सायबर कॅफे, याहू मेसेंजर असे पायऱ्या चढत आलो. "हा मेल दहा जणांना पाठवा नाहीतर.." असले मेल खाऊन खाऊन आपल्याला थोडी तरी प्रतिकारशक्ती आली. (सगळ्यांना नाही. घरची मंडळी वाचतायत, पुढे लिहीत नाही.) त्यांना एकही पायरी मिळाली नाही. मोबाइलच्या दुकानातला पोरगाच नव्या गिऱ्हाइकाला फेसबुकचं खातं उघडून द्यायचा. २०१४ मध्ये दहा-बारा लाख असलेली खाती २०१८ पर्यंत पावणेदोन कोटींच्या आसपास गेली. बहुतेकांसाठी इंटरनेट आणि फेसबुक हे एकच होतं.

आणि फेसबुक उघडल्यावर जे समोर येतं ते यंत्र लावतं. यंत्राला बर्मी कळत नाही, विराथू कोण ते कळत नाही. त्याला एवढंच मोजता येतं, की माणूस कशावर थांबला, कशावर बोट दाबलं, कशाखाली भांडला, काय पुढे पाठवलं. ज्यावर जास्त माणसं थांबतात ते आणखी माणसांना दाखवायचं. २०१७ पासून काही काळ तर हसरा, रडका, संतापलेला अशा प्रत्येक चेहऱ्याला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. चिडलात तरी गुण तेवढेच. जानेवारी २०१८ मध्ये जवळच्या माणसांतल्या गप्पांना महत्त्व द्यायचं म्हणून टिप्पण्या आणि पुढे पाठवणं यांचं वजन वाढवलं. ऐकायला किती छान! पण सर्वांत जास्त टिप्पण्या कशावर येतात हे कुठल्याही वाड्यातल्या नळावर उभ्या राहिलेल्या माणसाने सांगितलं असतं.

विराथू २००३ मध्ये मुसलमानांविरुद्ध चिथावणीबद्दल तुरुंगात गेला होता, २५ वर्षांची शिक्षा होती. जानेवारी २०१२ मध्ये माफी मिळून सुटला. म्हणजे तो तयार झालेला होताच, यंत्राने त्याला घडवलं नाही. त्याला श्रोते मिळवून दिले. पूर्वी प्रवचन ऐकायला मठात जावं लागे. जायचं की नाही हे माणूस ठरवायचा, आणि बाजूला कोण बसलंय तेही दिसायचं. फेसबुकने त्याला जानेवारी २०१८ मध्ये हाकललं, तरी त्याचे व्हिडिओ फिरतच राहिले. कंपनीच्या आतल्या २०२० च्या एका कागदात (ॲम्नेस्टीच्या २०२२ च्या अहवालात तो आहे) अशी नोंद आहे, की त्याच्या एका व्हिडिओचे सत्तर टक्क्यांहून अधिक प्रेक्षक 'आता हे बघा' या रांगेतून आले. म्हणजे बघत होते दुसरंच काहीतरी, आणि यंत्राने पुढचं पान म्हणून हे वाढलं.

हा आकडा वाचला आणि मी फोन बाजूला ठेवला. आमच्या एका ज्येष्ठ नातेवाइकांना (अण्णा म्हणू, खरं नाव वेगळं आहे) निवृत्तीनंतर मुलाने स्मार्टफोन घेऊन दिला. अण्णांनी सुरुवात केली भीमसेनांच्या अभंगांपासून. मग कीर्तनं. मग देवळांचा इतिहास. मग देवळं कुणी पाडली त्याचा इतिहास. मग 'हे तुम्हाला कधीच सांगितलं गेलं नाही'. वर्षभरात अण्णा, ज्यांनी तीस वर्षं एका मुसलमान सहकाऱ्याच्या डब्यातला शिरखुर्मा वाटून खाल्ला, ते जेवणाच्या ताटावर अशा गोष्टी बोलायला लागले की समोरचा घास अडकावा. मी एकदा विचारलं, हे तुम्ही शोधून बघता का? म्हणाले, "अरे शोधतोय कुठे, सगळीकडे हेच चाललंय!" हे 'सगळीकडे' म्हणजे साडेसहा इंची पडदा. अण्णा खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की अख्खा देश हेच बोलतोय, आपणच एकटे इतके दिवस झोपलो होतो. चहाच्या दुकानाबाहेर जमलेल्यांनाही तसंच काहीसं वाटलं असणार, अशी माझी समजूत आहे.

असो. मंडालेकडे वळू.

या सगळ्यावर लक्ष ठेवायला कंपनीकडे माणसं किती होती? रॉयटर्सने शोधून काढलं, की २०१५ च्या सुरुवातीला बर्मी येणारी दोन. दोन! शिवाय लिपीचा घोळ. जुन्या ब्लॉगर मंडळींना हे चटकन समजेल. आठवतंय, शिवाजी फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर कसा चिन्हांची भेळ होऊन उघडायचा? युनिकोड आलं आणि आपण सुटलो. तिकडे बहुतेक फोनांवर झॉजी नावाचा आपला-आपला फॉन्ट होता, जो युनिकोड पाळत नाही. त्यामुळे आक्षेपार्ह शब्द शोधायला लावलेली यंत्रं अडखळायची. भाषांतराचं यंत्र तर विचारूच नका. 'दिसतील तेवढे सगळे कलार मारून टाका' अशा अर्थाच्या एका मजकुराचं इंग्रजी भाषांतर त्याने केलं, म्यानमारमध्ये मला इंद्रधनुष्य असू नये. ऑगस्ट २०१८ मध्ये बर्मीचं भाषांतरच त्यांनी बंद केलं. देशाने अधिकृतपणे युनिकोड स्वीकारलं ते १ ऑक्टोबर २०१९ ला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

लष्कराला मात्र हे यंत्र नीट कळलं होतं. न्यूयॉर्क टाइम्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये छापलं, की शेकडो सैनिक या कामाला लावलेले होते. गायकांची, सौंदर्यवतींची, चुटकुल्यांची पानं चालवायची, लाखो चाहते गोळा करायचे, आणि मग अधूनमधून त्यात विष सोडायचं. सौंदर्यवतीचे फोटो बघणारा माणूस स्वतःला अतिरेकी थोडाच समजतो? आणि फोटोंचं तर काय सांगावं. त्याच वर्षी लष्कराने छापलेल्या पुस्तकात 'रोहिंग्यांनी मारलेले बौद्ध' म्हणून दिलेला फोटो निघाला १९७१ च्या ढाक्यातला.

२५ ऑगस्ट २०१७ ला रोहिंग्यांच्या एका सशस्त्र गटाने सुमारे तीस पोलीस चौक्यांवर हल्ले केले आणि लष्कराने राखाईन प्रांतात जे सुरू केलं, त्यात सात लाखांहून अधिक माणसं बांगलादेशात पळाली. पहिल्या महिन्यातच किमान ६,७०० माणसं मारली गेली, असा डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सचा अंदाज आहे. मारणारे हात लष्कराचे होते, फेसबुकचे नव्हेत. पण बाकीचा देश हे सगळं होत असताना गप्प होता, एवढंच नाही, टाळ्या वाजवत होता. हे गप्प बसणं तयार व्हायला पाच वर्षं लागली. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१८ मध्ये फेसबुकचा प्रतिसाद संथ आणि निष्प्रभ ठरवला, आणि त्या नोव्हेंबरात कंपनीनेही आपण पुरेसं केलं नाही हे मान्य केलं.

आता माझ्याच मुद्द्यातली एक अडचण. सप्टेंबर २०१७ मध्ये तिकडे मेसेंजरवर एकाच वेळी दोन साखळी निरोप फिरले. बौद्धांना सांगितलं, ११ तारखेला मुसलमान हल्ला करणार. मुसलमानांना सांगितलं, बौद्ध करणार. यात क्रम लावणारं यंत्र नव्हतं, माणसांनीच माणसांना पाठवलं. आपल्याकडे धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं, तेव्हाही नुसते व्हॉट्सॲपचे निरोप होते. तारीख १ जुलै २०१८, मंडालेनंतर बरोबर चार वर्षांनी. तेव्हा सगळं यंत्रावर ढकलून मोकळं होता येत नाही, हे मला मान्य आहे. तरी मला दोन्हीत फरक दिसतो. निरोपाची अफवा तापासारखी चढते आणि चार दिवसांत उतरते. रोज थोडं थोडं, आपल्याच आवडीच्या गोष्टींत मिसळून मिळालेलं अंगात मुरतं, आणि ते बाहेरून आलंय हेही माणसाला आठवत नाही. अण्णांना विचारा, ते सांगतील की माझे विचार पहिल्यापासून हेच आहेत.

फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता हातात घेतली आणि आधी काय केलं असेल तर फेसबुक बंद केलं. लोक आडवाटांनी तिथे पोचत राहिले. आता गोळ्या मंडालेत, यांगूनमध्ये, बौद्ध घरांतल्या पोरांवर सुटत होत्या. तेव्हा त्याच फेसबुकवर अनेक बर्मी लोकांनी रोहिंग्यांची माफी मागणारा मजकूर लिहिला. आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, लष्कराच्या बोलण्यावर ठेवला, अशा अर्थाचा. विराथू त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुन्हा तुरुंगातून सुटला, आणि जानेवारी २०२३ मध्ये लष्करी सरकारने त्याला मानाचा किताब दिला.